चेकवर ‘व्हॉइड’ दिसत होतं, तरी मी गाडी सोडली

केळीचे व्यापारी कसे बुडवतात हे आपल्या रावेर-यावलकडे कुणाला शिकवायला नको. मी सावधच होतो. सोसायटीत पाच वर्षं संचालक होतो, चेक काय आजच पाहिला का? तरी गंडलो.

११८ क्विंटल माल, १,४५० चा भाव, झाले १,७१,१००. वीस हजार रोख दिले, बाकी १,५१,१०० चा चेक. शुक्रवारची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार. "बँक बंद आहे दादा, ऑनलाइन सोमवारशिवाय होणार नाही." एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, सुट्टीतही. मला माहीत होतं, पण बोललो नाही. माल कापलेला, गाडी भरून उभी. अशा वेळी कोण वाद घालतो, भो?

भाचा नववीत आहे. चेक हातात घेऊन म्हणाला, "मामा, ह्या रेघांमधी व्हॉइड काय लिहेल आहे?" पुसट, पण वाचता येत होतं. मी म्हटलं, नवीन चेकची डिझाईन असते ती. माझंच शहाणपण! खऱ्या चेकवर ती अक्षरं लपलेली असतात, रंगीत झेरॉक्स मारली की वर येतात. कागदच चुगली करत होता आणि मी पोराला गप्प केलं. आठवलं की अजून झोप उडते.

सोमवारी बँकेतल्या बाईंनी चेक ट्यूबलाइटसमोर धरला. कोरा. माझ्याच चेकबुकातलं पान धरलं तर आत ‘सीटीएस इंडिया’ची जलखूण. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली माझ्या पानावर बँकेचं बोधचिन्ह चमकलं, व्यापाऱ्याच्या चेकवर काहीच नाही. कडेला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव, सीटीएस-२०१० (चेकच्या ठरलेल्या नमुन्याचं नाव), रुपयाचं चिन्ह, हे सगळं मात्र जागच्या जागी होतं. त्यावर विसंबू नका, नुसत्या डोळ्याला दिसतं ते सगळं छापता येतं. उजेडासमोर धरायला दोन सेकंद लागतात.

बाईंनी चेक ठेवून घेतला, "वरिष्ठांना पाठवावा लागेल." ज्या बँकेचं नाव चेकवर, ते म्हणतात खातं खरं आहे, पण खातेदार नाशिकचा, त्याचीही तक्रार आहे, आमचा संबंध नाही. ठाण्यात दोन तास बाकावर. मग साहेब म्हणे, पैशाचा वाद आहे, कोर्टात जा. गाडी मध्य प्रदेश पासिंगची निघाली तर म्हणे, बुऱ्हाणपूरला विचारा. बुऱ्हाणपूरवाले म्हणे, माल कुठे भरला? तिथेच तक्रार द्या. माल माझा, पैसे माझे, आणि चकरा पण माझ्याच! डिझेल धरून साडेतीन हजार आणखी गेले.

पन्नास हजारांच्या वरचा चेक असेल तर देणाऱ्याला विचारा, पॉझिटिव्ह पेमध्ये, म्हणजे दिलेल्या चेकची माहिती आधीच आपल्या बँकेला कळवायच्या सोयीत, नोंद केली का? तो चाचरला की गाडी उभीच ठेवा. आणि चेकचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा, मी एकाच बाजूचा काढला.

मंगळवारी पुन्हा ठाण्यात बोलावलंय. मूळ चेक घेऊन या म्हणे.