जुना थिंकपॅड, डेबियन आणि आतले मोबाइल मोडेम: नागपूर-काटोल वापरानंतरचा अनुभव

संत्र्याचा आंबिया बहार फुलण्याच्या सुमारास मी सीताबर्डीवरील एका दुकानातून थिंकपॅड टी४७० हा २०१७ सालचा लॅपटॉप जुना विकत घेतला, आणि आता मृग बहारही येऊन गेल्यावर त्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. हा लॅपटॉप विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाही आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे असे दणकट पण पोरके झालेले लॅपटॉप बाजारात भरपूर आहेत. मी त्यावर डेबियन १२ ही लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली बसवली. माझे काम संत्र्याच्या बागांतील मातीचे नमुने घेणे, त्यांच्या नोंदी करणे आणि अहवाल चढवणे असे असल्यामुळे आठवड्याचा बराचसा भाग काटोल आणि नरखेडच्या बाजूला जातो. म्हणून घरच्या वाय-फायइतकेच सिम घालून चालणारे आतले मोडेम मला महत्त्वाचे होते.

माझे मत आधीच सांगतो. वाय-फाय उत्तम आहे. मोबाइल मोडेम बागेत चांगले आणि शहरात बेताचे चालते. लिनक्सवर मोडेम चालत नाही अशी जी सर्वसाधारण तक्रार ऐकू येते, तिचा मोठा भाग लिनक्सचा नसून खरेदीच्या वेळी न पाहिलेल्या गोष्टींचा असतो.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे अँटेना. या मालिकेतील सगळ्या लॅपटॉपमध्ये मोडेमची खाच असली, तरी पडद्याच्या चौकटीतून येणाऱ्या मोबाइल अँटेनाच्या दोन तारा सगळ्यांत नसतात. ज्या ग्राहकाने मूळ खरेदीच्या वेळी मोडेमचा पर्याय घेतला नव्हता, त्याच्या लॅपटॉपमध्ये कारखान्यानेच तारा ओढलेल्या नसतात, आणि नंतर कार्ड बसवले तरी त्याला रेंज मिळत नाही. शिवाय हीच खाच लहान आकाराची एसएसडी बसवायलाही वापरता येते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपमध्ये ती जागा आधीच अडलेली असू शकते. दुकानदाराला खालचे झाकण उघडून दाखवायला सांगावे. चांगला दुकानदार कुरकुर करत का होईना, उघडतो.

माझ्या लॅपटॉपमध्ये सिएरा वायरलेसचे ईएम७४५५ हे कार्ड निघाले. डेबियनमधील मोडेममॅनेजरने, म्हणजे मोबाइल मोडेम हाताळणाऱ्या सेवेने, ते लगेच ओळखले, त्याचा आयएमईआय क्रमांकही दाखवला, पण ते सुरू मात्र होईना. स्थिती ‘डिसेबल्ड’ आणि वीजपातळी ‘लो’ एवढेच एमएमसीएलआय ही मोडेममॅनेजरची आज्ञा सांगत राहिली. हे लक्षण ओळखून ठेवण्यासारखे आहे, कारण यात कार्ड, सिम आणि अँटेना तिन्ही ठीक असतात. जे असते त्याला एफसीसी कुलूप म्हणतात. अमेरिकेच्या नियामकाच्या अटींनुसार लॅपटॉप आणि मोडेम ही जोडी मिळून मंजूर होते, म्हणून लॅपटॉप तयार करणाऱ्या कंपन्या मोडेमचे प्रक्षेपण बंद अवस्थेत ठेवतात आणि प्रत्येक वेळी सुरू होताना ओळखीच्या सॉफ्टवेअरनेच ते उघडावे अशी व्यवस्था करतात. पूर्वी मोडेममॅनेजर ठरावीक कार्डांसाठी हे काम स्वतःहून करत असे. १.१८.४ या आवृत्तीपासून त्याने ते थांबवले आणि निर्णय वापरणाऱ्यावर सोपवला. डेबियन १२मध्ये त्यानंतरची, १.२० मालिकेतील आवृत्ती आहे. कुलूप उघडणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट मोडेममॅनेजरच्या ‘एफसीसी-अनलॉक.अव्हेलेबल.डी’ या फोल्डरात आधीपासून ठेवलेल्या असतात. यूएसबी यादीत आपल्या कार्डापुढे जो क्रमांक दिसतो, त्याच नावाच्या स्क्रिप्टची जोडणी ‘ईटीसी’मधील ‘एफसीसी-अनलॉक.डी’ या फोल्डरात करायची आणि सेवा पुन्हा सुरू करायची, एवढेच काम आहे. त्यानंतर मला त्या बाजूला पुन्हा पाहावे लागलेले नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो मात्र कार्ड खराब म्हणून परत करेल, आणि दुकानदारही ते मुकाट्याने घेईल.

दुसरी गोष्ट बँडची, म्हणजे मोबाइल कंपन्या वापरतात त्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांची, आणि माझ्या मते संपूर्ण खरेदीत हीच सर्वांत निर्णायक आहे. ईएम७४५५ हे प्रामुख्याने अमेरिका आणि युरोप डोळ्यांपुढे ठेवून केलेले कार्ड आहे. त्यात बँड १, ३, ५ आणि ४१ आहेत, पण बँड ४० आणि बँड २८ नाहीत. आपल्याकडे जिओचे फोर-जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे अनुक्रमे बँड ५, ३ आणि ४०वर चालते. बीएसएनएलच्या नव्या फोर-जीत ७०० मेगाहर्ट्झच्या बँड २८ला मोठे स्थान आहे. आता शहरात गर्दीचा भार पेलण्यासाठी २३००चा रुंद पट्टा उपयोगी पडतो, आणि माझे कार्ड नेमके तेथेच आंधळे आहे. परिणामी धरमपेठेत टेबलावर शेजारी ठेवलेला फोन झपाट्याने फाइल उतरवत असताना लॅपटॉप त्याच कंपनीच्या सिमवर रेंगाळतो. काटोलच्या पुढे बागेत गेले की चित्र पालटते. तेथे दूरवरून पोहोचतो तो ८५०चा सिग्नल, तो कार्डाला समजतो, आणि लॅपटॉपच्या पडद्यामागील दोन मोठ्या अँटेना फोनच्या बरोबरीने, क्वचित त्याहून स्थिर काम करतात. शहरात संथ आणि रानात चपळ असे हे उलटे वागणे ज्याला कार्डाचे बँड माहीत नाहीत त्याला चक्रावून टाकेल आणि तो ड्रायव्हर बदलत बसेल.

रेंजविषयी एक नागपुरी बाब येथेच सांगून टाकतो. उन्हाळ्यात खिडकीत पत्र्याचा कूलर बसला की खोलीत बाहेरून येणाऱ्या मोबाइल सिग्नलची मुख्य वाट बंद होते, कारण पत्रा रेडिओलहरी अडवतो आणि भिजलेला वाळाही त्यांना फारसा दयाळू नसतो. मोडेममॅनेजरला ठरावीक सेकंदांनी सिग्नल मोजायला सांगता येते. त्यातील आरएसआरपी हा सिग्नलची ताकद सांगणारा आकडा उणे १००च्या वर, म्हणजे उणे ९० किंवा उणे ८०कडे असेल तर काळजी नसते. उणे ११५च्या खाली गेला तर सेटिंगमध्ये हात घालण्यापूर्वी लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन पाहावा. पडद्याच्या कोपऱ्यातील चार दांड्यांपेक्षा हा आकडा कितीतरी प्रामाणिक आहे.

मोडेम सुरू झाले, रेंजही आहे, तरीही नेट नाही, अशी जी तिसरी अवस्था असते तिच्यात बहुधा एपीएनचा, म्हणजे मोबाइल कंपनीच्या इंटरनेटकडे नेणाऱ्या जोडणीच्या नावाचा, दोष निघतो. जिओसाठी ‘जिओनेट’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’ हे शब्द नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या साधनाच्या खिडकीत भरले की सामान्यतः पुरते. मात्र फोर-जीमध्ये नोंदणी होतानाच मोडेम नेटवर्ककडे एक प्राथमिक जोडणी मागते आणि तिच्यासाठी कार्डात पूर्वीच्या देशातील, पूर्वीच्या कंपनीचे एपीएन साठवलेले असू शकते. जुन्या, परदेशातून आलेल्या लॅपटॉपमध्ये हे हमखास तपासावे. एमएमसीएलआयमध्ये या प्राथमिक जोडणीसाठी वेगळे सेटिंग आहे. तेथे एपीएन नीट करावे आणि पत्त्याचा प्रकार आयपीव्ही४ व आयपीव्ही६ दोन्ही असा ठेवावा, कारण आपल्याकडील मोबाइल नेटवर्कांत आयपीव्ही६चा वापर मोठा आहे आणि केवळ जुना प्रकार मागितल्यास जोडणी अर्धवट राहण्याचा संभव असतो.

सिम लॅपटॉपमध्ये असल्यामुळे ओटीपीचे संदेशही लॅपटॉपमध्येच येतात, हे आधी कोणी सांगत नाही. ते एमएमसीएलआयमधून वाचता येतात, पण बँकेचे काम घाईत करताना टर्मिनल उघडून संदेश वाचण्यात मौज नाही. मोडेमसाठी वेगळे, केवळ डेटाचे सिम घ्यावे.

आतले कार्ड घेण्यापूर्वी मी यूएसबी डोंगल वापरत होतो, आणि तुलना म्हणून त्याचा अनुभव नोंदवणे आवश्यक आहे. बरीच डोंगल संगणकाला जोडल्यावर प्रथम सीडीसारखी दिसतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजसाठीचे ड्रायव्हर ठेवलेले असतात. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे साधन त्यांना मोडेमच्या रूपात आणते आणि डेबियनमध्ये ते सहज मिळते. खरी गंमत पुढे आहे. अनेक नवी डोंगल स्वतःच छोटा राउटर असतात आणि लॅपटॉपला तारेचे इथरनेट म्हणून दिसतात. नेटवर्कमॅनेजर मार्ग निवडताना इथरनेटला १००, वाय-फायला ६०० आणि मोबाइल मोडेमला ७०० असा भार देतो, आणि कमी भाराचा मार्ग आधी वापरतो. म्हणजे घरचे वाय-फाय व्यवस्थित जोडलेले असताना असे डोंगल लावून ठेवले, तर सगळी वाहतूक निमूटपणे मोबाइलच्या डेटावरून जाते, आणि पडद्यावर वाय-फायचे चिन्ह तसेच झळकत राहते. दिवसाचा डेटा दुपारीच संपण्याचे कारण अशा वेळी कोठेच दिसत नाही. त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये मार्गाचा भार, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोहोंसाठी, ७०० किंवा त्याहून अधिक लिहिला की प्रश्न मिटतो. आतल्या कार्डाला हा भार मुळातच ७०० मिळतो, त्यामुळे वाय-फाय गेले की मोबाइल, आणि परत आले की वाय-फाय, ही अदलाबदल आपोआप होते. इंटरनेट खरोखर पोहोचते आहे का हे तपासण्याची नेटवर्कमॅनेजरची सोय चालू ठेवली, तर राउटर जिवंत पण मागची लाइन मृत अशा वेळीही तो वाय-फायचा भार २०,०००ने वाढवून मोबाइलकडे वळतो. मला ही संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत आवडलेली गोष्ट आहे.

वाय-फायविषयी लिहिण्यासारखे कमी आहे, आणि तेच त्याचे कौतुक. लॅपटॉपमधील इंटेल ८२६५ हे कार्ड कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, आयडब्ल्यूएल-वायफाय ड्रायव्हरवर चालते, आणि त्याला लागणारे फर्मवेअर (कार्डाचे आतले सॉफ्टवेअर) डेबियन १२च्या इन्स्टॉलरमध्येच समाविष्ट असल्यामुळे पूर्वी करावी लागणारी पेन ड्राइव्हची यातायात आता संपली आहे. एकच त्रास दीर्घकाळ झाला. वीज गेली की इन्व्हर्टरवर राउटर चालू असूनही लॅपटॉपचे वाय-फाय अडखळायचे, आणि वीज आली की सुरळीत व्हायचे. राउटरवर संशय घेणे स्वाभाविक होते, परंतु कारण लॅपटॉपच्या बॅटरीत होते: वीज वाचवण्यासाठी बसवलेले टीएलपी हे साधन बॅटरीवर असताना वाय-फायची ऊर्जाबचत चालू करते आणि चार्जर लावल्यावर बंद करते. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बॅटरीसाठीही ती बचत बंद केली की अडखळणे थांबले. बॅटरीच्या वेळेत मला जाणवण्याजोगा फरक पडला नाही. त्याच फाइलमध्ये यूएसबी उपकरणे आपोआप झोपवण्यातून मोबाइल मोडेमला वगळण्याची ओळ आहे, तीही लगे हात चालू करावी.

घरातील दुसऱ्या लॅपटॉपवरील, म्हणजे धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपवरील, वाय-फायची कथा वेगळी होती. त्यात रिअलटेकची आरटीएल८७२३बीई ही चिप आहे. तिला दोन अँटेनांची सोय असते, पण स्वस्त लॅपटॉपमध्ये निर्माते एकच तार जोडतात, आणि ती कोणत्या टोकाला जोडली आहे हे ड्रायव्हरला कळत नाही. राउटर त्याच खोलीत असताना सिग्नल उणे ८०च्या आसपास दिसला की हेच कारण समजावे. ड्रायव्हरला ‘अँट-सेल’ हा पर्याय १ किंवा २ असा देऊन पाहायचा. दोहोंपैकी एकावर सिग्नल एकदम उसळतो. आमच्याकडे २ लागू पडला. एवढ्याशा गोष्टीसाठी तिने वर्षभर लॅपटॉप राउटरखाली नेऊन अभ्यास केला होता.

तपासणीचा क्रम मात्र पाळावा, कारण लिनक्समध्ये प्रत्येक पायरी वेगळे उत्तर देते. पीसीआय आणि यूएसबीच्या यादीत कार्ड दिसत नसेल तर प्रश्न लोखंडाचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही. दिसत असेल पण जोडणीचे नाव तयार होत नसेल, तर कर्नलच्या नोंदींत फर्मवेअरची ओळ शोधावी. त्यानंतर रेडिओ बंद केलेला आहे का हे सांगणारी ‘आरएफकिल’ ही आज्ञा चालवावी: थिंकपॅडवर एफ८चे बटण चुकून दाबले गेले तर ‘सॉफ्ट ब्लॉक’ दिसतो आणि तो आज्ञेने उठतो, ‘हार्ड ब्लॉक’ मात्र लॅपटॉपच्या बटणाने किंवा बायॉसमधूनच (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधूनच) उठतो. हे सगळे ठीक निघाल्यावरच सिम, एपीएन आणि मार्गाच्या भाराकडे यावे. आणि काहीच चालत नसताना एखादे पॅकेज उतरवायचे असेल, तर अँड्रॉइड फोन यूएसबी टेथरिंगने जोडावा. त्याला बहुतेक वेळा कोणताही वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

एक दोष अद्याप पूर्ण गेलेला नाही. लॅपटॉप दीर्घकाळ झोपवून उठवला की मोडेम कधी कधी यादीतून नाहीसे होते. मोडेममॅनेजरची सेवा पुन्हा सुरू केल्यावर बहुधा परत येते, क्वचित लॅपटॉपच बंद करून सुरू करावा लागतो. बागेतून निघताना मी आता झोपवण्याऐवजी सरळ बंदच करतो, एसएसडीमुळे तो सुरू व्हायला वेळ लागत नाही.

नव्याने घेणाऱ्याने माझे कार्ड घेऊ नये. त्याच कंपनीच्या त्याच पिढीत आशियासाठी केलेले ईएम७४३० हे कार्ड आहे, त्यात बँड ३ आणि ५ बरोबर २८ आणि ४०ही आहेत, आणि आकार तोच असल्यामुळे ते याच खाचेत बसते. काही लॅपटॉपांचे बायॉस ओळखीचे नसलेले कार्ड नाकारते, म्हणून पैसे देण्यापूर्वी ते दुकानातच बसवून, आपले सिम घालून, नोंदणी झालेली पाहावी. मी बर्डीवर एकाला तसे कार्ड आणायला सांगून ठेवले आहे.