झाकणाखाली नुसतं लाकूड

गिटारवादक फ्रेडी ग्रीन 1937 साली काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये आला आणि 1987 मध्ये वारला तोवर जवळजवळ सलग तिथेच वाजवत राहिला. सोलो जवळपास नाहीच. मापात चार ठोके, तेही बहुधा अॅम्प्लिफायरशिवाय. त्या ठोक्याच्या नादी लागून मी स्वस्तातली जुनी अकूस्टिक आर्चटॉप, म्हणजे कमानदार टॉपची (पुढच्या फळीची) गिटार, शोधायला निघालो आणि चांगलाच फसलो.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, "सॉलिड स्प्रूसचा कोरलेला टॉप आहे." म्हणजे जाड फळीतून कमान हाताने कोरून काढलेली. हे वेळखाऊ काम, म्हणून किंमतही तशी. स्वस्त गिटारींत तीच कमान फळी दाबून काढतात, नाहीतर सरळ प्लाय वापरतात. त्यात वाईट काही नाही. ऱ्हिदमला चांगली प्लायची गिटारही मस्त ठणकते. फक्त प्लायला प्लाय म्हणून पैसे मोजावेत.

त्याने स्वतः वाजवून दाखवली. तारा फ्रेटला अगदी लागून, बोटांना लोण्यासारख्या. हेडस्टॉकवरच्या (तारा पिळायच्या टोकावरच्या) छोट्या झाकणावर टिचकी मारून म्हणाला, "ट्रस रॉडचं झाकणसुद्धा ओरिजिनल आहे, साहेब." ट्रस रॉड म्हणजे नेकमधली (गिटारच्या मानेतली) सळई, ती आवळून नेकचा बाक सरळ करता येतो. मी खूश!

तारा 10च्या होत्या (आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजारांशात), हे मला घरी आल्यावर कळलं. आर्चटॉपवर ऱ्हिदम वाजवायचा तर निदान 12चा, शक्यतो 13चा सेट लागतो. बारीक तारांनी टॉप हलतच नाही. मी 13 चढवल्या. आवाज उघडला खरा, पण ताणाने नेक वाकून दोन आठवड्यांत तारा इतक्या उचलल्या गेल्या की पाचव्या फ्रेटवर बार (एका बोटाने सगळ्या तारा) धरताना मनगट भरून यायचं. ब्रिज (तारा टेकतात ती पट्टी) खाली घ्यावा म्हटलं, तर त्याच्या उंची बदलायच्या दोन्ही चकत्या आधीच तळाला टेकलेल्या. विकणाऱ्याचे फोटो सगळे समोरून काढलेले, बाजूने एकही नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग ट्रस रॉड आवळू म्हणून झाकणाचे दोन स्क्रू काढले. खाली सपाट लाकूड. खाच नाही, नट नाही, फक्त स्क्रूची दोन ताजी भोकं, कडेला भुसा तसाच. जुन्या स्वस्त आर्चटॉपना फिरवता येणारा रॉड नसायचा, ही काही चोरी नव्हे. पण दुसऱ्या गिटारचं झाकण आणून ठोकणं ही आहे.

दुरुस्तीवाल्याने एफ-होलमधून, म्हणजे टॉपवरच्या f आकाराच्या भोकातून, आरसा घातला. जाड तारांच्या बाजूची ब्रेस (टॉपला आतून आधार देणारी पट्टी) एका टोकाला सुटलेली. भोकाच्या कडेला क्रीम रंग फासला होता. बाइंडिंग (कडेला बसवलेली शोभेची पट्टी) समजून मी त्याचं कौतुकही केलं होतं. त्याने नखाने रंग खरवडला, तर खाली तीन थर, म्हणजे प्लाय. नेक सोडवून, कोन बदलून पुन्हा बसवायचा खर्च गिटारच्या किमतीपेक्षा जास्त निघाला.

तेव्हा पैसे देण्याआधी झाकण उघडून मागा, ब्रिजचा बाजूने फोटो मागा, एफ-होलची कड उजेडात धरा, टॉपवर बोटाच्या पेराने ठोकून कुठे खरखरतंय का ऐका. आणि वाजवून बघायची तर आपल्या जाडीच्या तारांवर. "आत्ता तारा नाहीत" असं विकणारा म्हणाला, तर आपला सेट घेऊन जा. यातलं मी एकही केलं नाही, कारण किंमत ऐकून घाई झाली होती.

विकणाऱ्याला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण साहेब, झाकण तर ओरिजिनलच आहे ना?"