‘कागद कशाला ओ, आपल्याच माणसात?’

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत मी सात वर्षं सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, होतो. गाव खानापूर तालुक्यात, घरी आई एकटी. त्यामुळं जवळच्या बेळगावातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या मालकानं ‘एक तारखेपासून या, तेवीस हजार देतो’ म्हटल्यावर जीव हरखला. जॉइनिंग लेटर मागितलं, तेही चाचरत. बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, ‘कागद कशाला ओ, आपल्याच माणसात?’ बेळगावात मालक मराठीत असं बोलला की आपण पाघळतो. मीही पाघळलो. तिकडं राजीनामा टाकला, खोली सोडली.

एक तारखेला वॉचमननं गेटवरच अडवलं. आत फोन गेला, बाहेर निरोप आला : ‘ऑर्डरी कमी झाल्यात, दिवाळीनंतर बघू.’ आईनं भरून दिलेला डबा बसस्टँडच्या बाकावर बसून खाल्ला. लगेच घरी जायची लाज वाटली.

तोंडी शब्दाला कोर्टात कोण विचारतंय, असं वाटत होतं. पण १८७२ च्या करार कायद्यात तोंडी करारही चालतो, अडतं ते पुराव्यापाशी. मात्र ‘याला कामावर घ्या’ असा हुकूम खासगी नोकरीत कोर्ट सहसा देत नाही. मागायची ती नुकसानभरपाई, आणि दावा शब्द मोडल्यापासून तीन वर्षांच्या आत. बोलणी बेळगावात झाली, म्हणून दावाही बेळगावात. मला तर पोलिसांत जायचं होतं. वकिलांनी थांबवलं. कबूल करतानाच फसवायचा इरादा होता हे दाखवता आलं तर फसवणुकीचा गुन्हा, नुसता शब्द फिरवला तर नाही. हे पचायला मला आठवडा लागला.

माझ्याकडं होता मालकाचा व्हॉट्सॲपवरचा एक व्हॉइस मेसेज. बारा सेकंदांचा. ‘राजीनामा दिलासा न्हवं? मग या एक तारखेला.’ वकील म्हणाले, हेच तुमचं लेटर. फोन विकू नका, चॅट पुसू नका. कोर्टात त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुन्या पगाराच्या स्लिपाही ठेवल्या, नुकसान किती ते त्यावरनंच कळणार. वकिलांनी मालकाला पाठवायची नोटीस इंग्रजीत होती, सही करण्याआधी ओळ न् ओळ मराठीत समजून घेतली. फी जड जात असेल तर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, फोन १५१००. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, कारखान्यातल्या कामगारांना तिथं मोफत वकील मिळतो.

नोटीस पोचल्यावर मालकाचा फोन आला. ‘एवढं ताणताय कशाला ओ? दोन महिन्यांचा पगार देतो, मिटवू.’ म्हटलं, चालेल, लिहून द्या. अजून कागद आलेला नाही. दाव्याची तयारी चालू आहे.