किंग्ज क्वेस्ट ५ का मंकी आयलंड?

दोन्ही कॉम्प्युटर गेम १९९० चे, दोन्हीत माऊसनं क्लिक करत फिरायचं, पण स्वभाव एकदम वेगळा. किंग्ज क्वेस्ट ५ दिसायला लई देखणा, पण कधी मारेल नेम नाही. मांजर उंदरामागं धावतंय, तेवढ्यात जुना बूट फेकला नाही तर पुढं सराईच्या तळघरात बांधून टाकतात तेव्हा दोरी कुरतडायला उंदीरच येत नाय, खेळ खलास, आणि नेमकं कुठं चुकलं ते गेम सांगत पण नाय बे! सोलापुरात लाईट जायची ती वेगळीच, सेव्ह करायचं राहिलं की परत पहिल्यापासून.

मंकी आयलंड असं अडकवत नाही. तो बनवणाऱ्या रॉन गिल्बर्टनं १९८९ मध्येच लिहिलेलं की असले बंद रस्ते नकोत, आणि गेममध्ये ते पाळलं. तलवारबाजी तर टोमण्यांवर जिंकायची, समोरच्या समुद्री चाच्याकडनं टोमणे शिकायचे, उत्तरं पाठ करायची, आमच्या गल्लीतली पोरं जेवताना पण तेच बोलायची. मधोमध कप्पी असलेली रबराची कोंबडी तारेला अडकवून पलीकडच्या बेटावर जायचं, हे सुचलं तेव्हा आम्ही अख्खी नवी पेठ ऐकेल एवढं ओरडलो असू.

चित्रांसाठी किंग्ज क्वेस्ट बघा, पण आज भाच्याला खेळायला द्यायचा तर मी मंकी आयलंडच देणार.