कोंबड्यांची शीट तपासायचं किट: अख्खा पावसाळा वापरल्यावर

गोव्यात पेडण्याला घरामागे गावठी कोंबड्या आहेत, पिल्लं धरून शंभरेक. पावसात खुराड्यात अंथरलेलं तूस ओलं झालं की रक्ती हगवण (कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीमुळे होते) ठरलेलीच, म्हणून मे महिन्यातच मॅकमास्टर स्लाइडचं (रेघा आखलेले दोन खाने असलेली मोजणीची काच) किट आणि साधा स्टुडंट मायक्रोस्कोप घेतला. आता दिवाळी झाली, तर लिहितो.

किटवर 'रॅपिड' लिहिलेलं वाचून प्रेग्नन्सी टेस्टसारखी पट्टी असेल असं समजू नका, इथे हात घाण होतात. दोन ग्रॅम शीट (चार-पाच जागची मिसळून घ्या), २८ मिली मिठाचं दाट पाणी, ढवळायचं, चहाच्या जुन्या गाळणीतून गाळायचं (ती गाळणी परत चहाला नको), स्लाइडचे दोन्ही खाने भरायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. मिठाच्या जड पाण्यात जंतांची अंडी आणि कॉक्सिडियाचे ऊसिस्ट (शीटेतून बाहेर पडणारी त्यांची अंड्यासारखी अवस्था) वर येऊन काचेला चिकटतात. दोन्ही खान्यांतल्या रेघांच्या आतले मोजा, ५० ने गुणा, झाला एका ग्रॅमचा आकडा. हात बसला की अर्ध्या तासाच्या आत काम होतं.

किटमधलं मिठाचं पाकीट लगेच संपलं, मग मी आगरवाड्याच्या मिठागराचं जाडं मीठ वापरलं, तळाशी न विरघळता राहीपर्यंत टाकत जायचं. फक्त त्यात माती असते, फडक्यातून दोनदा गाळा. आणि स्लाइड भरून जेवायला गेलात तर मिठाचे खडे धरतात, मग काही दिसत नाही. काळी जाड कड दिसली तर तो हवेचा बुडबुडा, मोजू नका.

आता खरी गोष्ट. जुलैत पिल्लं पंख पाडून बसली, शीटेत रक्त आणि स्लाइड कोरी! डॉक्टर म्हणाले, आयमेरिया टेनेलात (कॉक्सिडियाचीच एक जात) रक्त चौथ्या-पाचव्या दिवशी दिसतं आणि ऊसिस्ट बाहेर पडायला सहा-सात दिवस लागतात. एक मेलेलं पिल्लू उघडलं तर दोन्ही सीका (आतड्याच्या बंद टोकाच्या पिशव्या) रक्ताने फुगलेल्या. त्यांनी लगेच पाण्यातून अॅम्प्रोलियम (रक्ती हगवणीचं औषध) सुरू करायला सांगितलं, त्या काळात बी-१ असलेलं टॉनिक बंद. दोन दिवसांनी स्लाइडवर ऊसिस्टच ऊसिस्ट. उलटही होतं, ठणठणीत कोंबडीच्या शीटेतही थोडे सापडतातच, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून औषध ओतू नका, पिल्लं खातायत का ते बघा.

पण पूर्वी पिल्लं मलूल दिसली की जंताचं आणि हगवणीचं दोन्ही औषधं द्यायचो, ते थांबलं, हा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा. अॅस्करिडिया आणि हेटेराकिस या दोन जंतांची अंडी मात्र इतकी सारखी दिसतात की मी वेगळी काढायचा नाद सोडला.

शेजारच्या पोराच्या कबुतराच्या घशात पिवळट चिकटा होता, त्याला हे किट बिनकामाचं. त्याचा जंतू, ट्रायकोमोनास, दाट मिठात टिकत नाही, कोमट सलाइनच्या थेंबात लगेच बघायला लागतो, वळवळताना दिसतो. मायक्रोस्कोप तेवढा कामाला आला.

तक्रारी? माहितीपत्रकात फोटो सगळे गाईगुरांच्या जंतांचे, कंपनीला कोंबडी माहीतच नसावी. आणि आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, डब्यात सिलिका जेल ठेवाच. बॅटरीवर चालणारा मायक्रोस्कोप घ्या, जूनमध्ये लाइट किती वेळ असते ते सांगायला नको.

चार-पाच कोंबड्याच असतील तर घेऊ नका, ताजी शीट डबीत भरून तालुक्याच्या दवाखान्यात द्या, लगेच जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.