कानातलं की कानामागचं? ॲलर्जीवाल्यांनी कुठलं मशीन घ्यावं

"दिसणारं देऊ की न दिसणारं?" श्रवणयंत्राच्या दुकानातला हा ठरलेला पहिला प्रश्न. ज्यांना बारा महिने शिंका येतात, नाक चोंदतं, कातडी जरा कशाने लाल होते, त्यांनी तो सरळ बाजूला ठेवावा. आधी बघायचं ते कानाला नक्की काय टेकणार आहे आणि कानात हवा किती खेळणार आहे. मुंबईत तर हे आणखीच महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर इथे टॉवेल वाळत नाही, कान कुठून वाळणार?

त्याहीआधी तपासणी. नाक आणि मध्यकर्ण जोडणारी युस्टेशियन नळी ॲलर्जीच्या सुजेने बंद झाली की कानात दडा बसतो, कधी पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू आणखी कमी येतं. त्या आठवड्यात काढलेल्या ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावर) मशीन सेट केलं, तर नाक मोकळं झाल्यावर तेच मशीन नको इतकं मोठं वाजतं. म्हणून नाक बरं असताना चाचणी करावी आणि सोबत टिम्पॅनोमेट्रीही करून घ्यावी. पडद्यामागे पाणी किंवा दाब आहे का ते तिच्यात कळतं. एक मात्र उलट आहे. एका कानाचं ऐकणं अचानक, दोन-तीन दिवसांत गेलं तर "सर्दीने बसलाय" म्हणून थांबू नका, लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. मज्जातंतूचा बहिरेपणा असेल तर उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होण्याला फार महत्त्व आहे.

आता मुख्य लढत. कानात पूर्ण बसणारं मशीन कानाचा साचा घेऊन बनवतात, कवच बहुधा ॲक्रिलिकचं. त्याची चष्म्याशी, मास्कशी भांडणं नाहीत. फोन नेहमीसारखा कानाला लागतो. लोकलच्या दाराशी वारा कमी घोंघावतो, कारण मायक्रोफोन आत दडलेला असतो. पण कानाचं भोक बुजतं. घाम आत राहतो, मळ थेट यंत्राच्या तोंडाशी जमतो. बॅटरी 10 नंबरची, पिवळ्या स्टिकरची, तुरीच्या दाण्याएवढी. बोटं थरथरत असतील तर ती बसवणं हा रोजचा वैताग. ज्याचा कान आधीच खाजतो, ओला राहतो, त्याने हा प्रकार घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो कितीही लपणारा असो.

कानामागचं मशीन दोन तऱ्हेचं. एकात (आरआयसी) बारीक वायरच्या टोकाचा रिसीव्हर, म्हणजे छोटा स्पीकर, कानात जातो आणि त्यावर सिलिकॉनचा छोटा डोम असतो. दुसऱ्यात (बीटीई) सगळी यंत्रणा कानामागे, तिथून नळी आणि कानात मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला तुकडा. बहिरेपणा सौम्य ते मध्यम असेल आणि खालचे सूर बरे ऐकू येत असतील, तर आरआयसी आणि छिद्रांचा उघडा डोम ही माझी पहिली पसंती. हवा खेळती राहते, डोम खराब झाला की बदलायचा. तोटा असा, की उघड्या डोममधून गाडीचा खडखडाट थेट आत येतो आणि मशीनची आवाज गाळण्याची करामत तिथे तोकडी पडते. आवाज फार वाढवला तर शिट्टीही वाजते. बहिरेपणा तीव्र असेल तर बहुधा बीटीई आणि मोल्डच घ्यावा लागतो. मोल्डला हवेचं भोक किती मोठं ठेवता येईल ते मात्र ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) विचाराच.

कानामागच्या मशीनची खरी अडचण मास्कची. धुळीची ॲलर्जी असलेला माणूस मास्क लावणारच. मग मास्कचं इलॅस्टिक, चष्म्याची काडी आणि मशीन तिघं एकाच खाचेत. मास्क घाईने ओढला की मशीन उडतं, आणि दादरच्या पुलावर संध्याकाळी सातला ते पायाखाली गेलं तर शोधायला वाकणार कोण? आमच्या मामीने डोक्यामागे नाड्या बांधायचा मास्क घेतला, कटकट संपली.

खाजेबद्दल थोडं सविस्तर, कारण पुष्कळ जण "मला मशीनची ॲलर्जी आहे" म्हणून ते कपाटात टाकतात. पावसाळ्यातली खाज, सोबत दडा आणि पाणी, ही बऱ्याचदा बुरशी असते. काही जणांनी इअरबडने कान खरवडून कोरडा केलेला असतो. काही जण मोल्ड सॅनिटायझरने पुसतात आणि कातडी त्यानेच चिडते. खरी ॲलर्जी असेल तर लाली मोल्ड टेकतो तिथेच उठते, काही दिवस मशीन न घातल्यास बसते आणि घातल्यावर परत येते. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट (संशयित पदार्थ कातडीवर चिकटवून बघणं) करून खात्री करू शकतात. ॲक्रिलिकमध्ये शिल्लक राहिलेलं मूळ रसायन हे एक नेहमीचं कारण, म्हणून मोल्ड मेडिकल सिलिकॉनचा करून बघतात. सिलिकॉनचीही ॲलर्जी होऊ शकते, पण क्वचित. तो मऊ असतो, मात्र टोचला तर घासून नीट करणं अवघड आणि कालांतराने फाटतो. कानातून पू किंवा पाणी सतत येत असेल तर भोक बुजवणारं काहीच नको. हाडातून आवाज पोहोचवणाऱ्या यंत्राबद्दल विचारा. आणि मशीन वापरणाऱ्याने कानात कोमट तेल घालायचं नाही, आजी कितीही म्हणाली तरी.

बॅटरीचा निर्णय सोपा: इथल्या हवेत रिचार्जेबल. झिंक-एअर बॅटरी हवेवरच चालते, त्यामुळे तिला छिद्रं आणि मशीनला झाकण लागतं, ओल तिथून शिरते. काहीही घेतलं तरी रात्री सिलिका जेलच्या बंद डबीत ठेवायचं. रिचार्जेबलसाठी वाळवणारा चार्जर मिळाला तर उत्तम. आयपी68 (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणून आंघोळीला घालून जाऊ नका.

पैशांचं म्हणाल तर श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेतून यंत्र मिळू शकतं. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी आणि त्याची चौकशी एकाच ठिकाणी होते. खासगीत घेत असाल तर खाज आल्यास मोल्ड दुसऱ्या मटेरियलचा करून देणार का, किती दिवसांत आणि किती पैशांत, हे बिलावर लिहून घ्या.