न्यूयॉर्कमध्ये रिपब्लिकन पक्षाचं काम करायचंय: क्लब, काउंटी कमिटी की उमेदवाराचा प्रचार?

न्यूयॉर्क शहरात रिपब्लिकन म्हणून नाव नोंदवलेले मतदार दहात जेमतेम एक. डेमोक्रॅट साधारण दोन-तृतीयांश, आणि उरलेले बहुतेक कुठल्याच पक्षात नसलेले. ५१ जणांच्या सिटी कौन्सिलमध्ये अलीकडे रिपब्लिकन पाच-सहाच असतात. तरीही २०२४ मध्ये ट्रम्प यांना या शहरात सुमारे ३० टक्के मतं मिळाली. पुढच्याच वर्षी महापौरपदासाठी पक्षाचे उमेदवार कर्टिस स्लीवा सात टक्क्यांच्या आसपास थांबले, कारण पक्षाचे बरेच मतदार डेमोक्रॅट उमेदवार ममदानींना अडवायला म्हणून अपक्ष उभे राहिलेल्या माजी गव्हर्नर कुओमोंकडे गेले. मतदार आहेत, पण ते पक्षाशी बांधलेले नाहीत, आणि त्यांना बांधून ठेवायला गल्लीत माणसं नाहीत. क्वीन्सात किंवा ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या, नागरिकत्व मिळालेल्या, मनाने उजवीकडे झुकलेल्या मराठी माणसाला इथे काही करायचं असेल तर ही माणसांची टंचाई हेच त्याचं भांडवल आहे. प्रश्न एवढाच की ते कुठे गुंतवायचं. (रामदास आठवल्यांच्या रिपब्लिकन पक्षाशी या पक्षाचा काही संबंध नाही, हे नागपूरहून विचारणाऱ्या काकांसाठी.)

आधी कागदपत्रांचं. आपल्याकडे पक्षाचं सदस्यत्व म्हणजे पावती फाडायची, किंवा हल्ली एक मिस्ड कॉल द्यायचा. इथे पक्ष निवडायचा तो सरकारच्या मतदार नोंदणी अर्जावर, आणि ती नोंद कुणालाही पाहता येते. मॅनहॅटनच्या एखाद्या ऑफिसात काम करत असाल तर हे लक्षात असू द्या. न्यूयॉर्कमध्ये प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक) बंद असते, म्हणजे रिपब्लिकन प्रायमरीत फक्त नोंदवलेले रिपब्लिकनच मत देतात. आधी डेमोक्रॅट म्हणून किंवा पक्षाविना नाव नोंदवलं असेल आणि आता बदलायचं असेल, तर अर्ज १४ फेब्रुवारीपर्यंत पोचला पाहिजे. त्यानंतर आलेला बदल जूनची प्रायमरी उरकल्यावरच लागू होतो. ही तारीख बहुतेकांना १५ फेब्रुवारीनंतर कळते.

ग्रीन कार्डवाल्यांना मत देता येत नाही. ‘बघू तरी’ म्हणून नोंदणीचा अर्ज भरणंसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या वेळी अंगाशी येऊ शकतं, म्हणून त्या वाटेला जाऊच नका. मात्र ग्रीन कार्डवर देणगी देता येते आणि प्रचारात कामही करता येतं. एच-वन-बीवर असाल तर देणगी देता येत नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करा, पत्रकं वाटा, पण पैसा कुठे खर्च करायचा असल्या निर्णयांत बसू नका. खाली काउंटी कमिटीबद्दल जे लिहिलं आहे ते फक्त नागरिकांसाठी.

क्लब

सगळ्यात सोपी वाट हीच. वर्गणी भरा, महिन्याच्या सभेला जा, वक्त्याचं भाषण ऐका. मॅनहॅटनच्या अप्पर ईस्ट साइडला ८३व्या रस्त्यावरचा मेट्रोपॉलिटन रिपब्लिकन क्लब १९०२ पासून आहे. शहराच्या पाच विभागांपैकी, म्हणजे बरोंपैकी, प्रत्येकात असे लहानमोठे क्लब आहेत. काही नुसतेच जेवणावळीचे आहेत, काही निवडणुकीच्या दिवसांत खरोखर रस्त्यावर उतरतात. क्लब म्हणजे पक्ष नव्हे. क्लबचा अध्यक्ष कुणाला उमेदवारी देत नाही, फार तर पाठिंबा जाहीर करतो. पण काउंटीचे पुढारी, न्यायाधीशपदाचे इच्छुक आणि देणगीदार हे सगळे एका खोलीत भेटतात ते इथेच. ओळखी करायच्या असतील तर दोन-तीन सभा पुरतात. काम शिकायचं असेल तर इथे वर्ष वाया जाईल.

तरुणांच्या क्लबांबद्दल जरा जपून. २०२५ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्याच्या यंग रिपब्लिकन संघटनेतल्या पदाधिकाऱ्यांचे खासगी ग्रुपवरचे संदेश पॉलिटिकोने छापले. ते वंशद्वेषी आणि ज्यूद्वेषी होते, आणि राज्य पक्षाने त्या संघटनेची मान्यता काढून घेतली. शहरातला न्यूयॉर्क यंग रिपब्लिकन क्लब ही वेगळी संस्था, आणि या दोघांचं आपसात जमत नव्हतं. सगळे क्लब तसे आहेत असं मुळीच नाही. पण क्लब निवडताना कार्यक्रमाच्या पोस्टरवरून निवडू नका. सभा संपल्यावर उरलेली मंडळी काय बोलतात ते ऐका.

काउंटी कमिटी

पक्षाचा सांगाडा म्हणजे ही कमिटी. न्यूयॉर्कच्या पाच बरोंच्या पाच काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत पक्षाची वेगळी काउंटी कमिटी, वेगळा अध्यक्ष. शहराचा मिळून एक अध्यक्ष नसतो. मतदारसंघाचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे इलेक्शन डिस्ट्रिक्ट, आपल्या भाषेत बूथ समजा. अशा प्रत्येक तुकड्यातून दोन ते चार सदस्य निवडून जातात, दोन वर्षांसाठी, बिनपगारी.

निवडून जायचं कसं? पिटिशनवर सह्या गोळा करून. तुमच्या बूथमध्ये नोंदवलेल्या रिपब्लिकनांपैकी पाच टक्क्यांच्या सह्या लागतात. बूथमध्ये ६० रिपब्लिकन असतील तर तीन सह्या! समोर कुणी उभं नसेल तर मतपत्रिकेवर नावही येत नाही, तुम्ही आपोआप निवडून आलेले. बहुतेक ठिकाणी समोर कुणी नसतंच. ग्रामपंचायतीत बिनविरोध व्हायला रात्र-रात्र बैठका घालणाऱ्या माणसाला हे स्वप्नवत वाटेल.

सह्यांचा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, ऐन थंडीत. सही करणारा त्याच भागातला नोंदवलेला रिपब्लिकन हवा, गोळा करणाराही राज्यातला नोंदवलेला रिपब्लिकन हवा. एकाच पदासाठी माणसाने आधी दुसऱ्याच्या कागदावर सही केली असेल तर तुमच्याकडची बाद. तारीख किंवा पत्ता चुकला की विरोधक हरकत घेतात, आणि या शहरात हरकती घेणं हा काही वकिलांचा पिढीजात धंदा आहे. म्हणून अनुभवी लोक दुप्पट-तिप्पट सह्या घेऊन ठेवतात.

एवढ्या स्वस्तात मिळालेल्या जागेला किंमत किती? रोजच्या दिवसांत शून्य. वर्षातून एखादी सभा, त्यातही निम्म्या लोकांनी आपलं मत प्रॉक्सीने दुसऱ्याच्या हाती दिलेलं. पण काउंटीचा अध्यक्ष ही कमिटी निवडते, आणि अध्यक्षाच्या हातात काय असतं हे पाहायचं तर २०१३ चं प्रकरण आठवा. माल्कम स्मिथ हे डेमोक्रॅट राज्य सिनेटर. त्यांना महापौरपदासाठी रिपब्लिकन म्हणून उभं राहायचं होतं. १९४७ च्या विल्सन-पकुला कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाला पक्षाच्या चिन्हावर उभं राहायचं तर पक्षाची परवानगी लागते, आणि शहरभराच्या पदासाठी पाचपैकी तीन काउंट्यांची संमती हवी. त्या संमतीसाठी पैसे देण्याचा बेत झाला. स्मिथ पकडले गेले, दोषी ठरले. त्यांच्यासोबत क्वीन्स रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्ष दोषी ठरले, ब्राँक्सच्या अध्यक्षांनी गुन्हा कबूल केला, आणि क्वीन्सचे रिपब्लिकन कौन्सिलमन डॅन हॅलोरन तुरुंगात गेले. त्याआधी डेमोक्रॅट पक्ष सोडून आलेले ब्लूमबर्ग २००१ मध्ये या पक्षाच्या तिकिटावर महापौर म्हणून निवडून आले होते, आणि पुढे हा पक्ष सोडल्यावरही २००९ मध्ये त्यांनी काउंटी पुढाऱ्यांना राजी करून मतपत्रिकेवरची पक्षाची ओळ पुन्हा मिळवली होती. म्हणजे शहरात पक्ष लहान असला तरी मतपत्रिकेवरच्या त्याच्या ओळीला भाव आहे, आणि तिची किल्ली काउंटीकडे आहे.

म्हणूनच इथे गट-तट फार. तुम्हाला कुणी अगत्याने “कमिटीवर या, सह्या आम्ही आणतो” म्हणालं, तर ते कुठल्या गटाचे आणि अध्यक्षाच्या निवडीत तुमचं मत त्यांना कुणासाठी हवंय, हे आधी विचारा. नुकत्याच आलेल्या देशी माणसाला असं बोलावणं येतं, फोटो निघतो, आणि सभेच्या आधी प्रॉक्सीचा कागद सहीसाठी पुढे येतो. प्रॉक्सी देऊ नका. जाता येत नसेल तर ती जागा घेऊच नका.

उमेदवाराचा प्रचार

सतरंज्या उचलायची तयारी असेल तर खरं शिक्षण इथे आहे. आणि माणसं इतकी कमी असतात की पहिल्याच महिन्यात तुमच्या हातात सतरंजीऐवजी मतदारयादी येते.

सिटी कौन्सिलच्या प्रायमरीसाठी ४५० वैध सह्या लागतात, विधानसभेला म्हणजे असेंब्लीला ५००. कौन्सिलच्या उमेदवाराला शहराकडून जुळणीचे पैसेही मिळतात: शहरातल्या रहिवाशाने दिलेल्या छोट्या देणगीमागे एकास आठ. तुम्ही दहा डॉलर दिले तर वर शहराचे ८० येतात. त्यासाठी आधी मतदारसंघातल्या ७५ देणगीदारांकडून पैसे यावे लागतात आणि एकूण ५,००० डॉलर जमावे लागतात. इथे मराठी मंडळाच्या वर्गणीवाल्याचा अनुभव कामी येतो. दार वाजवून दहा डॉलर मागायला न लाजणारा माणूस प्रत्येक उमेदवाराला हवा असतो, आणि असे ७५ जण उभे करून देणाऱ्याला उमेदवार पुढची चार वर्षं नावानिशी ओळखतो.

कोणाचा प्रचार, हा प्रश्न उरतोच. दक्षिण ब्रुकलिनमध्ये २०२२ साली लेस्टर चांग यांनी १९८७ पासून असेंब्लीत बसलेल्या डेमोक्रॅट पीटर अबाटी यांना पाडलं. दोन वर्षांनी त्याच पट्ट्यात स्टीव्ह चॅन राज्य सिनेटमध्ये गेले. चिनी वस्तीतल्या लोकांनी तिथे केलेलं काम आपल्याकडच्या कुणीही नीट अभ्यासावं. खास हायस्कुलांची प्रवेश परीक्षा काढून टाकण्याचा प्रस्ताव महापौर डी ब्लासिओ यांनी २०१८ मध्ये आणला होता. त्यावर चिडलेले पालक आधी सभांना आले, मग मतपेटीपर्यंत गेले. स्टायव्हेसंट आणि ब्राँक्स सायन्स या खास हायस्कुलांसाठी मुलांना क्लासला घालणारे पालक आपल्यातही कमी नाहीत. विषय तोच, पण आपली वस्ती विखुरलेली आहे. फ्लोरल पार्क-बेलरोझच्या बाजूला दाट, बाकी चार घरं इथे, दोन तिथे. म्हणून नुसत्या ‘भारतीय मतां’वर उमेदवाराला भुलवू नका, आणि स्वतःही भुलू नका.

बरोप्रमाणे हिशेब बदलतो. स्टेटन आयलंडमध्ये पक्ष सत्तेत आहे, त्यामुळे जागांसाठी रांग आहे आणि नवख्याला थांबावं लागतं. क्वीन्सचा ईशान्य कोपरा आणि हॉवर्ड बीच इथे चुरस असते, आणि शिकायला हेच सगळ्यात चांगलं. मॅनहॅटनमध्ये देणगीदार भरपूर, विजय जवळपास नाहीच. ब्राँक्समध्ये २०२३ मध्ये कौन्सिलची एक जागा मिळाली आणि २०२५ मध्ये गेली.

आणखी दोन वाटा थोडक्यात. मतदान केंद्रावर काम करायचं तर कायद्याने दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं लागतात आणि रिपब्लिकन कायम कमी पडतात. कामाचे पैसे मिळतात, पहाटे पाचला हजर व्हायचं, रात्री नऊनंतर सुटायचं, आणि त्या दिवशी प्रचाराचा शब्द काढायचा नाही. पार्किंग, दारूचे परवाने, बांधकाम अशा गोष्टींत रस असेल तर शहरातल्या ५९ कम्युनिटी बोर्डांपैकी आपल्या भागातल्या बोर्डासाठी अर्ज करा. नेमणूक बरो प्रेसिडेंट करतो आणि पक्षाचं लेबल तिथे अडथळाच ठरतं.

एक अवघड विषय टाळून चालणार नाही. २०२४ च्या डिसेंबरात एच-वन-बीवरून याच पक्षात जाहीर भांडण झालं आणि भारतीयांबद्दल खूप वाईट बोललं गेलं. २०२५ च्या सप्टेंबरात ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली. तुमच्या घरात किंवा नात्यात कुणी त्या व्हिसावर असेल तर जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न येणारच. कौन्सिलच्या उमेदवाराचा व्हिसाशी काही संबंध नसतो हे खरं, पण दार उघडणारा मतदार ते मानत नाही, आणि काही दारांत उलट्या बाजूने तुम्हालाच ‘तू इथे कसा’ असं विचारलं जाईल. यावर स्वतःचं म्हणणं काय ते आधी ठरवा. ठरत नसेल तर पक्षाविना राहून एखाद्याच उमेदवाराचं काम करण्यात कमीपणा काही नाही, फक्त मग सह्या गोळा करता येणार नाहीत आणि प्रायमरीत मतही नाही.

माझा कौल असा. आठवड्याला दोन तास असतील तर क्लब आणि मतदान केंद्र. शनिवार-रविवार देता येत असतील तर पूर्व क्वीन्स किंवा दक्षिण ब्रुकलिनमधला, जिंकू शकेल असा एक उमेदवार गाठा आणि सह्यांपासून मतमोजणीपर्यंत एक अख्खा हंगाम करा. काउंटी कमिटी त्यानंतर, दुसऱ्या वर्षी, गट ओळखता यायला लागल्यावर. पहिल्याच वर्षी कौन्सिलला उभं राहायचा सल्ला देणारे भेटतील, कारण तिथे उमेदवारच मिळत नसतो. ते हात जोडून नाकारा. सरकारी नोकरीत असाल तर यातलं काहीही करण्याआधी ऑफिसचे राजकीय कामाबद्दलचे नियम वाचा. आणि या सगळ्याआधी बोर्ड ऑफ इलेक्शन्सच्या साइटवर आपल्या नावापुढे कुठला पक्ष लिहिला आहे ते बघून घ्या. पहिल्यांदा मत द्यायच्या घाईत आपण कुठल्या चौकटीत खूण केली होती, हे पुष्कळांना आठवत नाही.